प्रश्न विचारणारे प्रौढ : वल्हांडण, हगादा आणि बेने इस्राएल

वल्हांडणाच्या रात्री घरातील सर्वांत धाकट्या मुलाने चार प्रश्न विचारावेत, ही ज्यू परंपरेतील प्रथा बहुश्रुत आहे. तालमूदमधील 'पेसाहीम' हा भाग मात्र याच्या पुढे जातो. मुलगा जाणता असेल तर त्याने विचारावे. नसेल तर पत्नीने. तीही नसेल तर माणसाने स्वतःच स्वतःला विचारावे. एवढेच नव्हे, तर वल्हांडणाचे सारे नियम मुखोद्गत असलेले दोन पंडित एकत्र बसले, तरी त्यांनी ते प्रश्न एकमेकांना विचारलेच पाहिजेत. उत्तर ठाऊक असणे ही प्रश्नातून सुटका नव्हे, असा हा दंडक आहे. वल्हांडण हा मुलांचा सण आहे ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते.

प्रश्नही अचल राहिलेले नाहीत. मिश्नाच्या जुन्या हस्तलिखितांत तीनच प्रश्न आढळतात आणि त्यांतला एक भाजलेल्या मांसाविषयीचा आहे. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले, बळी थांबले आणि तो प्रश्न कालांतराने गळून पडला. त्याच्या जागी लोडाला रेलून बसण्याविषयीचा प्रश्न आला. जो समाज आपल्या विधीतले प्रश्नच बदलतो, त्याला परंपरानिष्ठ म्हणावे की परिवर्तनशील, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हगादा म्हणजे या रात्रीची पोथी. तीत बेने ब्राक येथे जमलेल्या पाच आचार्यांची कथा येते. रब्बी अकिवा त्यांच्यापैकी एक. मिसरमधून झालेल्या सुटकेविषयी ते रात्रभर बोलत राहिले. अखेर शिष्यांनी येऊन सांगितले की पहाटेच्या प्रार्थनेची वेळ झाली. त्या बैठकीत रोमविरुद्धच्या उठावाची खलबते चालली होती, असा तर्क काही जण लढवतात. आम्हाला तो फारसा पटत नाही. कथेत त्याचा मागमूस नाही. शिवाय पाच वृद्ध विद्वानांनी जुन्या गोष्टीवर रात्र जागवावी यासाठी कटाचीच गरज असते, असे मानण्याचे कारण काय?

आता कोकणाकडे वळू. कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. हायम सॅम्युअल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला या समाजाचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. वल्हांडणाच्या सुमारास हे लोक आंबट द्रवाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण पाळीत, अशी नोंद त्यांनी केली आहे. खमीर वर्ज्य करण्याच्या मूळ आज्ञेची ही पुसट खूण असावी. कृती शिल्लक होती, तिची गोष्ट हरवली होती. पोथी नसताना केवळ सवयीच्या बळावर एखादा समाज इतकी शतके आपले वेगळेपण कसे राखतो, हा प्रश्न आम्हाला त्या चार प्रश्नांहून कमी मोलाचा वाटत नाही.

गोष्ट परतली ती मराठीतून. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. बेने इस्राएलांनी मात्र त्या विद्येचा उपयोग स्वतःच्याच धर्माकडे परतण्यासाठी केला. १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर हिब्रू-मराठी हगादा निघाला. १८७४ मध्ये पुण्यात दुसरा. पुण्याच्या हगादात बेखमीर भाकरी करण्याचे चित्र आहे. त्यातल्या स्त्रिया भारतीय वेशात, उकिडव्या बसून कामाला लागलेल्या आहेत. युरोपीय हगादांतील चित्रांची परंपरा समोर ठेवूनही चित्रकाराने आपल्या आसपासच्या बायकाच काढल्या. मिसरमधून निघालेल्या पूर्वजांत स्वतःला पाहावे, अशी हगादाची मागणी असते. इथे ती शब्दशः पुरी झाली आहे.

पुढे हे लोक इस्रायलमध्ये गेले, आणि तेथे त्यांना निराळाच प्रश्न विचारण्यात आला. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला की बेने इस्राएल वधू किंवा वर असल्यास विवाहापूर्वी वंशावळ मागे जाईल तितकी तपासावी. कोकणातल्या शतकांत घटस्फोट आणि दिराशी विवाह यांचे नियम शास्त्रानुसार पाळले गेले होते की नाही, ही शंका त्यामागे होती. शंका शास्त्रीय होती, पण तिची झळ लग्न ठरलेल्या मुलामुलींना बसली.

हगादात चार पुत्र आहेत; त्यांतला दुष्ट पुत्र 'तुमचा' हा विधी म्हणतो आणि त्यामुळे स्वतःच समाजाबाहेर जातो. इथे बाहेर काढणारे दुसरेच होते, आणि ज्यांना काढले जात होते ते 'आमचा' म्हणत होते. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये या प्रश्नासाठी क्नेसेटचे खास अधिवेशन भरले. बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत, अशी भूमिका सरकारने मांडली. महिनाअखेरीस आदेशातून समाजाचे नाव वगळण्यात आले. त्या जागी ज्या कोणाच्या वंशाविषयी शंका असेल त्या सर्वांना लागू होणारी शब्दयोजना आली. तपासणीची तरतूद तशीच राहिली.