परक्या मज्जेचं पहिलं घर

ऑगस्ट 1945मध्ये हिरोशिमा आणि नागासाकीत स्फोटातून नि आगीतून सुटलेली माणसंही पुढच्या काही आठवड्यांत दगावू लागली. ताप, हिरड्यांतून रक्त, अंगावर जांभळे डाग. हाडांच्या पोकळीत जिथे रक्त तयार होतं, ती मज्जाच किरणोत्सर्गाने करपली होती. बोन मॅरो प्रत्यारोपणाची कुळकथा इथून सुरू होते.

करपलेली मज्जा पुन्हा उगवते का, याचा शोध आधी उंदरांवर झाला. 1949मध्ये शिकागोच्या लिऑन जेकबसन यांनी उंदरांत रक्त बनवणारी प्लीहा शिशाने झाकून बाकीच्या अंगावर मारक किरण सोडले; उंदीर वाचला. दोन वर्षांनी एगॉन लॉरेन्झ आणि सहकाऱ्यांनी किरण दिलेल्या उंदरांना निरोगी मज्जा टोचली; तेही वाचले. माणसांत मात्र पदरी निराशा आली. 1957मध्ये अमेरिकेतल्या कूपर्सटाउनच्या डॉ. डॉनल थॉमस यांनी सहा रुग्णांना शिरेवाटे मज्जा दिली. शंभर दिवसांपलीकडे त्यांतलं कुणीच जगलं नाही.

अडचण दुहेरी होती. शरीर परकी मज्जा नाकारतं. आणि ती रुजलीच, तर तिच्यातून तयार होणाऱ्या संरक्षक पेशी रुग्णाच्याच त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करतात. पाहुणा घरमालकाच्या जिवावर उठावा तसं. आपलं-परकं ठरवणाऱ्या एचएलए खुणांपैकी पहिली खूण झाँ दोसे यांनी पॅरिसमध्ये 1958मध्ये वर्णिली, पण तिचा उपयोग रुग्णापर्यंत पोहोचायला वेळ लागला. तोवर बऱ्याच डॉक्टरांनी हा नाद सोडला होता.

कोंडी फुटली ती 1968मध्ये, मिनियापोलिसला, एका पाच महिन्यांच्या मुलापाशी. त्याच्याकडे जन्मतःच रोगप्रतिकारशक्ती नव्हती. आईकडच्या नात्यातले कितीतरी मुलगे याच आजाराने तान्हेपणी गेले होते. डॉ. रॉबर्ट गुड यांच्या पथकाने त्याला बहिणीची मज्जा दिली. एरवी मोठ्या माणसाची प्रतिकारशक्ती किरणांनी वा औषधांनी आधी मोडावी लागे. इथे मोडायला काही नव्हतंच. ज्या दुबळेपणाने बाळ मरणार होतं, त्यानेच परक्या पेशींना वाट दिली. पुढे गुंतागुंत झाली, पुन्हा एकदा मज्जा द्यावी लागली. पण मुलगा बरा झाला, मोठा झाला आणि त्याचा रक्तगट बहिणीचा झाला. मोठ्यांना हुलकावणी देणारं यश आधी तान्ह्या मुलाच्या वाट्याला आलं, ते असं.

मग प्रश्न उरला तो प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या मुलांचा. जुळणाऱ्या भावंडाची निवड आणि रुग्णाची जुनी मज्जा आधी नष्ट करणारी औषधं, या दोन गोष्टींनी तो हळूहळू सुटला. डिसेंबर 1981मध्ये, आता सिएटलला असलेल्या थॉमस यांच्या पथकाने थॅलेसेमिया हा रक्ताचा जन्मजात आजार असलेल्या बालकावर प्रत्यारोपण केलं. त्याच महिन्यात इटलीतल्या पेझारोत ग्विदो लुकारेल्ली यांनीही या आजारासाठी हाच मार्ग धरला. थॉमस यांना 1990मध्ये नोबेल मिळालं.

सिएटलला थॉमस यांच्याकडे शिकून आलेल्या डॉ. सुरेश अडवाणी यांनी मार्च 1983मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. रक्ताचा कर्करोग झालेली मुलगी नऊ वर्षांची होती. दाता तिचा भाऊ. 1986मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात थॅलेसेमियासाठी हा उपचार सुरू झाला. 1988मध्ये पॅरिसला एलियान ग्लुकमन यांनी तर मज्जेऐवजी नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त वापरून फॅन्कोनी ॲनिमिया हा रक्ताचा आजार असलेला मुलगा बरा केला.

सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणीची शक्यता चारात एकच. आता अर्धी जुळणी असलेले आई-वडीलही दाते होऊ शकतात, त्यामुळे दात्याअभावी अडणारी मुलं कमी झाली आहेत. वयाची अट मात्र सुटलेली नाही. वरचेवर रक्त चढवून थॅलेसेमियाच्या मुलाच्या यकृतात वर्षागणिक लोह साठत जातं, आणि यकृताची हानी जितकी जास्त तितका प्रत्यारोपणाचा धोका मोठा, हे लुकारेल्ली यांनी रुग्णांचे तीन वर्ग पाडून दाखवलं. म्हणूनच निदान होताच भावंडांची एचएलए तपासणी करून घ्यावी. पैसे जमल्यावर पाहू म्हणून ती पुढे ढकलू नये. कोल इंडियाच्या योजनेतून पात्र मुलांना दहा लाखांपर्यंत मदत मिळते आणि बोरिवलीला मुंबई महापालिकेचं प्रत्यारोपण केंद्र आहे.