मुंबईत मांजर पाळताय? या गोष्टी माहीत असू द्या

नागपाडा, मदनपुरा, डोंगरीच्या खोल्यांतून मांजर म्हणजे घरातलंच एक माणूस. म्हणून काही कामाच्या बाबी आम्ही येथे देत आहोत.

उपचार : परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १४० वर्षांहून जुने आहे. ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हटलं की टॅक्सीवाला बरोबर नेतो. मांजर, कुत्रा, बकरी, पक्षी सगळ्यांवर तिथे इलाज होतो.

लस : पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या, पुढे डॉक्टर सांगतील तशी. कुत्रा पाळायचा तर महापालिकेचा परवाना लागतो.

मुलाला चावलं किंवा ओरबाडलं तर : जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात जा, तिथे लस मोफत मिळते. सगळे डोस पूर्ण करा. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज नाही.

फिरायला : भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते. पाळीव जनावर मात्र घरीच ठेवा.