पुस्तक घ्यावं साल बघून

परवा भामरागडहून भाच्याचा फोन आला. "मामा, पुस्तकात हाये तसं माह्या इथं काईच दिसत नाही!" बीएस्सीला थोडं सी शिकलाय, आता मोबाईल ॲप शिकायचंय. त्यासाठी कुठूनतरी एक जाडजूड जुनं पुस्तक आणलंन. पहिलाच धडा: एक्लिप्स टाका. तिथेच गाडी अडली.

यात त्याची काही चूक नाही. या पुस्तकांचा इतिहासच तसा आहे. अँड्रॉइड १.० आलं सप्टेंबर २००८ मध्ये. एड बर्नेट यांचं 'हॅलो, अँड्रॉइड' त्याच वर्षाअखेर आलं आणि २०१० मध्ये त्याची तिसरी आवृत्ती काढावी लागली! २०१३ मध्ये गूगलने अँड्रॉइड स्टुडिओ जाहीर केला आणि २०१५ अखेर एक्लिप्सच्या प्लगइनला रामराम ठोकला. २०१७ मध्ये कोटलिनला मान्यता, २०१९ मध्ये पहिला मान. त्यामुळे बिग नर्ड रँचचं २०१३ चं गाइड जावात, तर २०१९ ची चौथी आवृत्ती कोटलिनमध्ये. २०२१ मध्ये जेटपॅक कंपोज आलं आणि स्क्रीन मांडायची पद्धतच बदलली.

आता उलटं उदाहरण बघा. 'हेड फर्स्ट जावा' २००३ चं, दुसरी आवृत्ती २००५ ची. तिसरी आली थेट २०२२ मध्ये. मधली सतरा वर्षं दुसरीवर निभावलं, कारण ते भाषा शिकवतं. क्लास म्हणजे काय, ऑब्जेक्ट म्हणजे काय, हे दर वर्षी बदलत नाही.

पुण्यातले मित्र म्हणतात, पुस्तक हवंच कशाला? गूगलचा कोर्स फुकट आहे की! खरंय. पण पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि रेंजचंही काही खरं नसतं. गडचिरोलीच्या बांबूचा बल्लारपूरला कागद झाला, पण कामाचं पुस्तक जंगलात परत पोचायला वेळ लागतो. चुकीचं पोचलं तर पैसे गेल्याचं दुःख कमीच. पुस्तक शिळं असतं आणि पोरगं स्वतःलाच ढ समजून बसतं.

म्हणून त्याला म्हटलं, बाबा रे, भाषेचं पुस्तक जुनं चालेल, अँड्रॉइडचं नाही. आधी 'हेड फर्स्ट कोटलिन' वाच. मग अँड्रॉइडचं घेताना सुरुवातीच्या पानांवर साल बघ, आणि अनुक्रमणिकेत कंपोज आहे का तेही बघ. अँड्रॉइड स्टुडिओ डाउनलोड करत बसू नकोस, मी पेन ड्राइव्हवर पाठवतो.

असो. पुराआधी पार्सल पोचलं म्हणजे मिळवली.