टिक्झमधील आलेख-रेखाटन : लूपचा उपयोग

लाटेक या अक्षरजुळणीच्या भाषेत टिक्झ या रेखाटन-पॅकेजच्या आज्ञा आणि लूप (आज्ञांची पुनरावृत्ती) वापरून आलेख सिद्धांतातील आकृत्या काढण्याची पद्धत. येथे आलेख म्हणजे शिरोबिंदू व त्यांना जोडणाऱ्या कडा यांची रचना. फलनाचा वक्र नव्हे. या पद्धतीत प्रत्येक रेघ हाताने न काढता कोणता शिरोबिंदू कोणाला जोडायचा याचा नियम लिहिला जातो. त्यामुळे आलेखाची व्याख्या आणि आकृती एकाच मजकुरात राहतात. हेच या पद्धतीचे खरे बळ होय.

पार्श्वभूमी : डॉनल्ड क्नूथ यांनी १९७८ मध्ये टेक ही अक्षरजुळणी प्रणाली प्रथम उपलब्ध केली. तिच्यावर आधारलेली लाटेक लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात रचली. टिक्झ आणि त्याखालील पीजीएफ ही मूलभूत रेखाटन-प्रणाली या जर्मन संगणकशास्त्रज्ञ टिल टांटाऊ यांच्या निर्मिती. टेकमध्ये लूप लिहिण्याची सोय आहे. टिक्झमध्ये मात्र फॉरईच ही अधिक सोपी आज्ञा वापरतात.

रचना : फॉरईचला चलाचे नाव, मूल्यांची यादी आणि प्रत्येक मूल्यासाठी करायचे काम पुरवावे लागते. यादीत १, नंतर तीन टिंबे आणि १६ असे लिहिले, की मधली मूल्ये आपोआप भरली जातात. एका फेरीत दोन चले हवी असल्यास मूल्यांच्या जोड्या तिरप्या रेघेने लिहितात. शिरोबिंदूची जागा कोन आणि त्रिज्या देऊन ठरवता येते; म्हणून n शिरोबिंदू वर्तुळावर समान अंतराने मांडायचे असल्यास कोनाची पायरी ३६०/n अंश ठेवली की पुरते.

उदाहरण, श्रीखंडे आलेख : मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख राहिलेले शरदचंद्र शंकर श्रीखंडे (१९१७–२०२०) यांच्या १९५९ मधील संशोधनातून पुढे आलेल्या या आलेखात १६ शिरोबिंदू आणि ४८ कडा आहेत. प्रत्येक शिरोबिंदूला (i, j) अशी जोडी देतात. i व j यांची मूल्ये ० ते ३. (i, j) हा (i+१, j), (i, j+१) आणि (i+१, j+१) यांना जोडायचा. बेरीज ४ झाली की पुन्हा ०. एकात एक असे दोन लूप लिहिले, की १६ फेऱ्यांत प्रत्येकी तीन, म्हणजे नेमक्या ४८ कडा उमटतात.

शिरोबिंदू ४×४ च्या जाळीत मांडले, तर (३, j) पासून (०, j) पर्यंतची सरळ कड मधल्या दोन शिरोबिंदूंवरून जाते आणि चुकीचा अर्थ निघतो. त्याऐवजी ४i+j हा क्रमांक २२.५ अंशांनी गुणून शिरोबिंदू वर्तुळावर बसवावेत. वर्तुळावरचे कोणतेही तीन बिंदू एका रेषेत नसल्याने एकही कड तिसऱ्या शिरोबिंदूवरून जात नाही. आधी एका लूपजोडीने सर्व शिरोबिंदू आणि नंतर दुसरीने कडा काढाव्यात. अजून न काढलेल्या शिरोबिंदूचे नाव आले, तर टिक्झ त्रुटी दाखवते.

नेहमीच्या अडचणी : (१) पीजीएफच्या गणितात साध्या बेरजेचे उत्तरही ७ ऐवजी ७.० येते. हे उत्तर शिरोबिंदूच्या नावात गेले, तर टिक्झ टिंबानंतरचा भाग कोन समजते आणि कड ७ क्रमांकाच्या शिरोबिंदूच्या उजव्या काठाला चिकटते. त्रुटीचा संदेश येत नाही, आकृती मात्र बिघडते. म्हणून उत्तर पूर्णांकात बदलून घ्यावे. (२) सुरुवातीचे मूल्य शेवटच्यापेक्षा मोठे असेल, तर लूप रिकामा न राहता उलटा मोजतो. म्हणून पाच शिरोबिंदूंच्या पूर्ण आलेखात (ज्यात प्रत्येक शिरोबिंदू इतर सर्वांना जोडलेला असतो) आतला लूप i+१ पासून ५ पर्यंत चालवताना बाहेरचा लूप ४ वरच थांबवावा लागतो. (३) पायरी ०.१ ठेवली, तर टेकच्या मर्यादित अचूकतेमुळे ०.२ च्या जागी ०.२०००१ येते; म्हणून पूर्णांक मोजून नंतर भागाकार करणे बरे. (४) फेरीत बदललेले चल फेरी संपताच मूळ मूल्यावर येते. शिरोबिंदूंची नावे मात्र पूर्ण आकृतीत टिकतात.

स्वपाश : शिरोबिंदूपासून निघून त्याच शिरोबिंदूवर परतणारी कड. मार्कोव्ह साखळ्या व परिमित स्वयंचलित यंत्रांच्या आकृत्यांत ती वारंवार लागते. निघण्याचा व परतण्याचा कोन देऊन ती काढतात. शिरोबिंदू वर्तुळावर θ कोनात असेल, तर θ+१५ आणि θ−१५ हे कोन दिल्याने पाश बाहेरच्या बाजूला वळतो. त्यामुळे सर्व स्वपाश एकाच लूपमध्ये काढता येतात.

इतर साधने : टिक्झच्या ग्राफ्स या पूरक आज्ञासंचात आलेख थोडक्यात लिहिण्याची सोय आहे. २०१३ मधील ३.० आवृत्तीपासून लुआटेक या टेकच्या विस्तारित रूपाच्या साहाय्याने शिरोबिंदूंच्या जागा संगणकाकडून ठरवून घेता येतात. झीलाटेक किंवा लुआलाटेक ही लाटेकची रूपे वापरल्यास शिरोबिंदूंना देवनागरी नावेही देता येतात.

महत्त्व : श्रीखंडे आलेखाप्रमाणेच ४×४ च्या बुद्धिबळपटावरील हत्तीच्या चालींच्या आलेखातही १६ शिरोबिंदू आणि ४८ कडा असतात. त्यातही प्रत्येक शिरोबिंदूला सहा शेजारी आणि कोणत्याही दोन शिरोबिंदूंना दोन सामाईक शेजारी असतात. तरी हे दोन आलेख भिन्न आहेत : श्रीखंडे आलेखात एका शिरोबिंदूचे सहा शेजारी षट्कोनाने जोडलेले असतात, तर हत्तीच्या आलेखात ते दोन सुट्या त्रिकोणांत विभागतात. वर्तुळावर काढलेल्या ४८ रेघांच्या गर्दीत हा फरक डोळ्यांना सहज सापडत नाही. लूपमधील जोडणीच्या ओळी वाचल्या, की तो तपासता येतो. आणि एका शिरोबिंदूच्या शेजाऱ्यांपुरता लूप वेगळ्या रंगात चालवला, की विद्यार्थ्याला तो दाखवताही येतो.