घरकामाची मिनिटे

मैत्रिणींनो, ‘तुम्ही काय करता?’ असे कोणी विचारले की आपल्यापैकी अनेकजणी म्हणतात, ‘काही नाही, घरीच असते.’ सरकारी कागदांतही वर्षानुवर्षे तेच उतरत गेले.

अर्थतज्ज्ञ देवकी जैन यांनी 1976-77 मध्ये प्रश्नच बदलला. राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या काही खेड्यांत त्यांनी घरातला प्रत्येकजण दिवसभर काय करतो, याची नोंद करवली. तेव्हा ‘काम करत नाही’ असे लिहिलेल्या बायकांपैकी काहीजणी प्रत्यक्षात गवत कापताना, गुरे राखताना आढळल्या.

1998-99 मध्ये सरकारने सहा राज्यांत अशी पाहणी केली. देशभरची पहिली पाहणी 2019 मध्ये झाली. पहाटे 4 पासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे 4 पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी निघाली 299 मिनिटे, पुरुषांची 97. त्यातही असे काम करणारे पुरुष शंभरात जेमतेम 26, बायका 81.

हे आकडे कागदावरच राहिले नाहीत. जानेवारी 2021 मध्ये, अपघातात गेलेल्या एका गृहिणीच्या नुकसानभरपाईचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांचाच आधार घेतला. गृहिणीचे उत्पन्न शून्य धरायचे नाही, हे त्यातून ठळक झाले.

म्हणून पाहणीवाले दारात आले तर ‘घरीच असते’ एवढ्यावर थांबू नका. दळण, निवडणे, सासूबाईंचे औषध, सगळे सांगा.