शब्दाला शब्द

हैदराबादला एम.ए. करत असताना आम्हांला वर्गात एक प्रश्नावली भरायला दिली होती. अमेरिकेतल्या रेबेका ऑक्सफर्ड यांनी १९९० च्या पुस्तकात दिलेली, ५० विधानांची. इंग्रजी शिकताना तुम्ही काय काय करता, ते एक ते पाच आकड्यांत सांगायचे. त्यात एक विधान होते: मी शब्दाला शब्द ठेवून भाषांतर न करण्याचा प्रयत्न करतो. मी 'पाच' लिहिले. ते धादांत खोटे होते.

आमच्या लातूरच्या घरी आजोबांची तर्खडकर भाषांतर पाठमाला होती. मराठी वाक्य इंग्रजीत न्यायचे, इंग्रजी मराठीत आणायचे. मी त्यावरच वाढलो. वर्गात हात वर करण्याआधी वाक्य मनात मराठीत जुळवायचो, मग उलटवायचो. तोवर शेजारचा मल्याळी मित्र बोलून मोकळा. पुढे कळले, तोही तेच करायचा, फक्त झपाट्याने.

ही लाज कुठून आली, हे शोधताना मी जुन्या काळात शिरलो. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. १८६२ साली तिथून पहिले चौघे बी.ए. झाले: रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. त्यानंतरच्या पिढ्यांवर शिक्का बसला तो घोकंपट्टीचा. पण लॉर्ड कर्झन यांनी १९०२ मध्ये नेमलेल्या विद्यापीठ आयोगाने दोष दिला तो व्यवस्थेला: इथे परीक्षा शिकवण्यासाठी नाही, शिकवणेच परीक्षेच्या दावणीला बांधलेले आहे. मला हे पटते. ज्या घरांत अमरकोश मुखोद्गत होत असे, तिथल्या मुलाने नव्या भाषेपुढेही तेच हत्यार काढले, यात मठ्ठपणा कसला? परीक्षा पाठांतर मागत होती आणि त्याच्याकडे ते भरपूर होते. (अमरकोश ज्यांच्या दारापर्यंतही पोहोचू दिला नव्हता, त्यांची गोष्ट वेगळी, आणि ती अजून नीट लिहिली गेलेली नाही.)

आता मीच ती प्रश्नावली वाटतो. गेल्या वर्षी नांदेडकडच्या एका मुलीने त्याच विधानापाशी पेन थांबवून विचारले, "सर, खरं लिहू का बरोबर लिहू?"

"खरं लिही," मी म्हणालो. तिने 'एक' लिहिले, आणि वही लपवल्यासारखा कागद पालथा करून माझ्या हातात दिला.