विस्तार अधिकारी नेमकं काय विस्तारतो?

पंचायत समितीच्या कचेरीत व्हरांड्याच्या कडेनं ओळीनं दारं असतात आणि दारांवर पाट्या. विस्तार अधिकारी (शिक्षण). विस्तार अधिकारी (पंचायत). विस्तार अधिकारी (सांख्यिकी). विस्तार अधिकारी (कृषी). लहानपणी वडिलांबरोबर त्या व्हरांड्यातल्या बाकावर तासन्‌तास बसून मी या पाट्या पाठ केल्या होत्या. शिक्षणाचा विस्तार कळत होता. सांख्यिकीचा विस्तार म्हणजे आकडे फुगवणं असावं, असा माझा समज होता आणि तो अगदीच चुकीचा होता असं आजही म्हणवत नाही. शेतीच्या विस्तारापाशी मात्र मी अडायचो. आमची शेती दर पिढीला वाटण्या होऊन आक्रसत चालली होती आणि ती विस्तारायला एक अख्खा सरकारी माणूस नेमला होता! वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, “ते शेतकी साहेब आहेत. बियाण्याचं विचारायचंय.” ‘विस्तार’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकला नाही.

हा शब्द आपल्या मातीतला नाही, हे पुढं कळलं. ‘एक्स्टेन्शन’चं ते सरळ भाषांतर आहे. पण इंग्रजीतही तो शेतातून आलेला नाही. त्याचा जन्म वर्गात झाला, आणि तोही बायकांच्या वर्गात.

१८६७ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातला जेम्स स्टुअर्ट नावाचा तरुण स्कॉटिश प्राध्यापक उत्तर इंग्लंडात व्याख्यानं द्यायला निघाला. लीड्स, लिव्हरपूल, मँचेस्टर, शेफील्ड इथल्या शिक्षिकांनी त्याला बोलावलं होतं. विषय दिला होता, शिकवावं कसं. स्टुअर्ट म्हणाला, शिकवावं कसं हे सांगण्यापेक्षा मी काहीतरी शिकवूनच दाखवतो. आणि त्यानं खगोलशास्त्र शिकवलं. (शेतीच्या विस्तारात पुढं ज्याला ‘प्रात्यक्षिक’ म्हणू लागले, ते हेच.) तरुण पुरुषानं भर वर्गात स्त्रियांना प्रश्न विचारावेत आणि त्यांनी तोंडी उत्तरं द्यावीत, हे त्या काळच्या सभ्यतेत बसत नव्हतं. म्हणून त्यानं छापील प्रश्न वाटले आणि उत्तरं लिहून मागवली. गैरसोयीतून निघालेली ही वाट पुढं पद्धतच बनली. क्रूच्या रेल्वे कामगारांपुढं आणि रॉचडेलच्या सहकारी मंडळीपुढंही तो बोलला. १८७३मध्ये केंब्रिज विद्यापीठानं हे काम अधिकृतपणे अंगावर घेतलं आणि डर्बी, नॉटिंगहॅम, लेस्टर इथं वर्ग सुरू झाले. विद्यापीठ आपल्या भिंतीबाहेर हात लांबवतंय, म्हणून ते ‘युनिव्हर्सिटी एक्स्टेन्शन’. विस्तार व्हायचा होता तो विद्यापीठाचा. आमच्या तालुक्यातल्या पाटीचा उलगडा इथं होतो.

शब्द नव्हता तेव्हाही काम होतंच. स्टुअर्टच्या वीस वर्षं आधी आयर्लंडात बटाटा सडला आणि माणसं मेली. १८४७मध्ये तिथला व्हाइसरॉय लॉर्ड क्लॅरेंडन यानं तिथल्या शेती सुधारणा संस्थेला पत्र लिहून फिरते शेती-शिक्षक नेमायला लावले. त्यांनी दुष्काळी भागातल्या कुळांकडे जाऊन सांगायचं, की एकट्या बटाट्यावर विसंबू नका, सलगम लावा, गाजर लावा. सल्ला वाईट नव्हता. पण जमीन कुळाची नव्हती आणि ती सुधारली की खंड वाढण्याची भीती होती. उपाशी माणसाला गाजराची लागवड समजावताना त्या शिक्षकांना काय वाटलं असेल, हा विचार मनातून जात नाही. चारेक वर्षांत ते काम थांबलं.

शब्द आणि काम यांची गाठ पडली ती अमेरिकेत. १८६२च्या मॉरिल कायद्यानं तिथं राज्याराज्यांत शेतीची कॉलेजं उभी राहिली आणि १८८७च्या हॅच कायद्यानं प्रयोगकेंद्रं. केंद्रांत प्रयोग होत, त्यांच्या पुस्तिका छापल्या जात, पण बहुतेक शेतकरी त्या वाचत नसत. अशात मेक्सिकोतून टेक्ससमध्ये कापसाचा एक सोंडे किडा शिरला, बोंडातच अंडी घालणारा. कापूस बुडू लागला, आणि कापसावर उधार देणाऱ्या सावकारांचं नि दुकानदारांचंही धाबं दणाणलं.

तेव्हा सीमन नॅप हा सत्तरीला टेकलेला गृहस्थ सरकारच्या शेती खात्यात काम करत होता. सरकारी पैशानं, सरकारी माणसांनी चालवलेलं आदर्श शेत शेतकऱ्याला काहीही शिकवत नाही, असा त्याचा अनुभवानं बनलेला ग्रह होता. शेतकरी कुंपणापाशी उभा राहतो, पीक बघतो, मान डोलावतो आणि मनात म्हणतो, सरकारच्या पैशानं मीही पिकवीन! आपल्याकडच्या कुठल्याही कृषी प्रदर्शनात आजही हा संवाद ऐकू येईल. म्हणून १९०३मध्ये टेक्ससमधल्या टेरेल गावी नॅपनं उलटा डाव मांडला. शेत वॉल्टर पोर्टर नावाच्या शेतकऱ्याचं, राबायचंही त्यानंच. नॅपनं फक्त काय करायचं ते सांगायचं. तोटा झालाच तर भरून द्यायला गावच्या व्यापाऱ्यांनी निधी उभा केला. मशागत चांगली, बियाणं चांगलं, पेरणी वेळेवर, आणि कीड वाढण्याआधीच बोंडं हाती येतील अशी घाई. हंगामाअखेर पोर्टरनं सांगितलं, की नेहमीपेक्षा सुमारे ७०० डॉलर जास्त सुटले. निधीला हात लावावा लागला नाही. ऐकलेल्यावर माणूस शंका घेतो, पाहिलेल्यावरही घेऊ शकतो, पण स्वतः केलेल्यावर घेऊ शकत नाही, हे नॅपचं सांगणं विस्ताराच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या पानावर असतं. खरं म्हणजे त्यातली व्यापाऱ्यांच्या निधीची गोष्ट पहिल्या पानावर हवी. ‘करून बघ’ म्हणणारे पुष्कळ असतात, बुडालं तर मी आहे म्हणणारा विरळा.

यानंतरची दहा वर्षं फार रसाळ आहेत. १९०६मध्ये अलाबामातल्या टस्कीगी इथं, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर शिकवत होते त्या कृष्णवर्णीयांच्या संस्थेनं एक घोडागाडी सजवली. न्यूयॉर्कच्या जेसप या धनिकाच्या देणगीतून ती झाली म्हणून तिचं नाव जेसप वॅगन. अवजारं, बियाणं, दुधाची यंत्रं भरलेली ही गाडी गुलामगिरीतून सुटून खंडानं शेती करणाऱ्यांच्या दारात जाऊन उभी राहायची. १९१०मध्ये साउथ कॅरोलायनातल्या एकेन परगण्यात मेरी क्रोमर या शाळामास्तरणीनं मुलींचा टोमॅटो क्लब काढला. मुलांसाठी मक्याचे क्लब होते, मग मुलींनी काय करायचं, असा तिचा सवाल होता. प्रत्येक मुलीला एकराचा दहावा भाग, म्हणजे आपल्या हिशेबात चार गुंठे. त्यात टोमॅटो लावायचे, हिशेब स्वतः ठेवायचा, माल डब्यात भरून विकायचा आणि पैसे आपल्याकडे ठेवायचे. बापाच्या नावावरच्या रानात मुलीच्या नावाचं पीक! नव्या वाणाची लागवड पोरीच्या चार गुंठ्यांत बघून बापानं पुढच्या साली ती आपल्या रानात करावी, असंही होऊ लागलं.

मग १९१४चा स्मिथ-लीव्हर कायदा आला. परगण्या-परगण्यात नेमलेल्या या सल्लागारांना केंद्राचा पैसा मिळाला, त्यांचं काम शेती कॉलेजांशी जोडलं गेलं आणि सगळ्याला नाव मिळालं ‘एक्स्टेन्शन’. व्याख्यान टाळून जे जमलं होतं त्याला व्याख्यानांतून निघालेलं नाव चिकटलं. मला हा नावाचा घोटाळा साधा वाटत नाही. नाव म्हणतं, ज्ञान इथं आहे, ते तिकडं पोचवा. पोर्टरच्या शेतातली गोष्ट म्हणत होती, तिकडं जा आणि त्याला करू द्या.

इतर भाषांनी याच कामाला दुसरी नावं शोधली. जर्मन लोक ‘सल्ला’ म्हणतात. फ्रेंचांचा शब्द ज्ञान लोकांत पसरवण्याचा. डचांचा ‘फोरलिख्टिंग’ म्हणजे पुढं उजेड धरणं. त्यांच्या राज्यात राहिलेल्या इंडोनेशियानं ‘सुलुह’, म्हणजे मशाल, यावरून ‘पनयुलुहान’ घडवला. मशालजी पुढं चालतो, पण वाट मागच्याला स्वतःच्याच पायांनी तुडवावी लागते. आपल्याकडे हिलाल होते, मशाली होत्या, दिवट्या होत्या. आपण घेतला ‘विस्तार’.

तोही उशिरा घेतला. त्याआधी महाराष्ट्रात शब्दाविना बरंच काही सुचलेलं होतं. १८८३मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जोतीराव फुल्यांनी सरकारला सुचवलं, की श्रावणात प्रदर्शनं भरवा, आश्विनात पिकांच्या आणि औत हाकण्याच्या परीक्षा घ्या, चांगल्या शेतकऱ्यांना बक्षिसं द्या. महिने मुद्दाम मराठी आणि परीक्षा औताची! शेतकऱ्याला जे येतं त्याचीच परीक्षा घ्यावी, हे सुचायला ते रान माहीत असावं लागतं. सरकारनं पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८७९पासून शेतीचे वर्ग काढले होते. त्यांचं पुढं स्वतंत्र शेतकी कॉलेज झालं. १९०७मध्ये आलेले तिथले प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी शिकवण्याआधी मोजायचं ठरवलं. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा, जिथं आज शेताऐवजी सोसायट्यांची टॉवरं उगवली आहेत, त्यांनी घर न्‌ घर अभ्यास केला आणि १९१७ साली तो छापला. १७७१मध्ये सरासरी ४० एकर असलेलं खातं १९१५पर्यंत ७ एकरांवर आलं होतं, तेही तुकड्यातुकड्यांत. माझ्या बालपणीच्या प्रश्नाला एवढा मोठा आधार असेल, असं मला वाटलं नव्हतं. पुढं १९२६ ते १९२८ या काळात शेतीसाठी बसलेल्या रॉयल कमिशननं या कामाला वापरलेले शब्द ‘प्रात्यक्षिक’ आणि ‘प्रोपगंडा’ असे होते. तेव्हा प्रोपगंडा शब्दाला आजच्याइतका वास येत नव्हता.

स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशातल्या इटावा जिल्ह्यात अल्बर्ट मेयर या अमेरिकन नगररचनाकारानं, चंदीगडचा पहिला आराखडा केला तोच हा, १९४८मध्ये ग्रामविकासाचा पथदर्शी प्रयोग सुरू केला. गावात राहणारा, शेतीपासून पाण्यापर्यंत सगळ्याची थोडी थोडी माहिती असलेला एकच कार्यकर्ता, ही कल्पना तिथं रुळली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना आणि बरोबर वर्षानं राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. तिच्याबरोबर शब्दांचं अख्खं खटलं मराठीत आलं: गट, गटविकास अधिकारी, ग्रामसेवक, विस्तार अधिकारी. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या आणि पाट्या कायमच्या ठोकल्या गेल्या. यातल्या ग्रामसेवकाचं पुढं काय झालं, ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. बियाण्यांचं सांगायला आलेला माणूस घरपट्टीच्या पावत्या फाडू लागला, जन्ममृत्यूची नोंद करू लागला. शेतीसाठी मग वेगळा कृषी सहायक नेमावा लागला.

त्याच २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुण्याचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं, आणि माझ्या मते या कुळातलं सगळ्यात गुणी पोर तिथं जन्मलं. १९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत, युनेस्कोच्या मदतीनं, पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं बसवली गेली. कल्पना कॅनडाची. तिथं १९४१पासून शेतकरी घोळक्यानं रेडिओ ऐकून चर्चा करत. त्यांचं घोषवाक्य ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ असं होतं. आपल्याकडे त्यातलं ‘वाचा’ गाळलं. अक्षरओळख नसलेल्यांनाही मंडळात जागा हवी होती. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, अर्धा तास, असे वीस कार्यक्रम झाले. ऐकल्यावर मंडळ चर्चा करी, चिटणीस टिपण लिही, आणि शंका पुण्याला जात. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात. म्हणजे स्टुअर्टच्या लेखी उत्तरांची गाडी इथं उलट्या दिशेनं धावू लागली. प्रश्न शेतकरी विचारत होता आणि उत्तर केंद्राला द्यावं लागत होतं. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनं पॉल न्यूराथ यांनी मंडळं असलेली आणि नसलेली गावं ताडून पाहिली. मंडळांच्या गावांतलं ज्ञान भरपूर वाढलं होतं. नुसता रेडिओ होता आणि मंडळ नव्हतं, तिथं फारसं नाही.

त्यानंतर जागतिक बँकेचे डॅनियल बेनोर यांची ‘प्रशिक्षण आणि भेट’ पद्धत आली. ठरलेल्या वारी, ठरलेल्या गावी, ठरलेल्या संपर्क शेतकऱ्याला ठरलेला संदेश. ती शिस्तीची होती आणि कंटाळवाणीही. १९७४मध्ये पाँडिचेरीला पहिलं कृषी विज्ञान केंद्र निघालं. मग ‘आत्मा’ नावाची यंत्रणा आली. ते इंग्रजी आद्याक्षरांचं कडबोळं असलं तरी ‘आत्म्याच्या बैठकीला चाललोय’ हे वाक्य मराठीतच शोभतं.

अलीकडची गोष्ट पुन्हा त्या मशालवाल्या इंडोनेशियाची आहे. तिथं भातावर तपकिरी तुडतुडे आले आणि फवारे जितके वाढले तितके तेही वाढले, कारण औषधानं त्यांना खाणारे कोळीच आधी मेले. सरकारनं १९८६मध्ये भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९पासून बांधावरच्या शाळा सुरू झाल्या. पंचवीसेक शेतकरी आठवड्याला एकदा जमतात, रोपं तपासतात, किडी मोजतात, कागदावर रोपाचं चित्र काढतात आणि फवारायचं की नाही ते आपसात ठरवतात. शिकवणाऱ्याला एक पथ्य असतं. कुणी किडा दाखवून ‘हे काय?’ म्हणून विचारलं तर नाव सांगायचं नाही. ‘कुठं सापडला, काय करत होता?’ असं उलट विचारायचं.

हीच आपली शेतीशाळा. गुलाबी बोंडअळीनं २०१७मध्ये विदर्भ-मराठवाड्याची कपाशी पोखरल्यानंतर अशा शाळांत बसलेल्या बायका डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली न उमललेली फुलं, वेचून मोजतात, कामगंध सापळ्यातले पतंग मोजतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले तर फवारणीचा विषय निघतो. कापडावर कागद पसरून झाडाचं चित्र निघतं. मित्रकीटक एका बाजूला, शत्रूकीटक दुसऱ्या बाजूला. मी पाहिलेल्या एका शाळेत एका आजींनी अळी बोंडाहून मोठी काढली होती. कृषी सहायक पोरसवदा होता, त्याचा हात खोडरबराकडे गेला. आजी म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. गेल्या साली एवढीच होती.” त्यानं हात मागं घेतला आणि वहीत पतंगांचा आकडा लिहू लागला.